मोटारीला शेंगदाण्याचं तेल

पेट्रोलमध्ये तेल घातल्यानं इंजिनाला फायदा होतो की नाही, हे ठरवायला विलायतेत म्हणे मोठमोठ्या प्रयोगशाळा आहेत. असतील. जळगावच्या पोलन पेठेतल्या निर्मलकुमार छाजेड या किरकोळ तेलाच्या व्यापाऱ्यानं तो निकाल एका चातुर्मासात लावला, तोही धुळ्यात, भर रस्त्यात, सासुरवाडीच्या गावासमोर. असले निकाल सासुरवाडीच्या गावात लावू नयेत, एवढं त्याला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. सांगायला माणसं नव्हती असं नाही. उलट तीच जास्त झाली.

मोटार होती काळी, जुनी, इंग्रजांनी जाताना न्यायची राहून गेलेली. चाळीसगावच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून निर्मलकुमारनं ती घेतली ती बायकोसाठी. बायको म्हणजे धनकुंवर, धुळ्याच्या भंवरलाल कापडवाल्यांची मुलगी. भंवरलालांच्या मते जगात धंदे दोनच, एक कापडाचा आणि दुसरा कापडाला डाग पाडणारा. जावई दरवर्षी एस.टी.नं यायचा, हातात शेंगदाणा तेलाचा डबा घेऊन यायचा, आणि भंवरलाल त्या डब्याकडे बघून ‘आलात का’ म्हणायचे. मुलगी दिली तेव्हा जावयाचे वडील कापसाच्या जिनिंगमध्ये होते, तेलाचं दुकान नंतरचं, त्यामुळे आपण फसवले गेलो असं त्यांचं कायमचं म्हणणं होतं.

त्या वर्षी धनकुंवरनं अठाई करायची ठरवली. अठाई म्हणजे पर्युषणातले आठही दिवस उपास, दिवसा फक्त उकळलेलं पाणी, बाकी काही नाही. महाराजसाहेबांचा, म्हणजे जैन साधूंचा, चातुर्मास धुळ्याला होता म्हणून ती माहेरीच राहून उपास करणार होती. शेवटच्या दिवशीची संवत्सरी झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी वरघोडा निघतो. बँडबाजा लावून, तपस्वी मंडळींना गाड्याघोड्यांत बसवून गावातून मिरवतात आणि मग घरी जाऊन पारणं. महिनाभर आधी ती माहेरी आली असताना भंवरलालांनी मुलीसाठी बग्गी सांगायचं म्हटलं. तेव्हा या धनकुंवरनं, जिनं लग्न झाल्यापासून नवऱ्याकडे केसाच्या पिनांपलीकडे काही मागितलं नव्हतं, चारचौघींसमोर आईला सांगून टाकलं, की बग्गी नको, मी आमच्या मोटारीतून जाईन. झालं. संध्याकाळपर्यंत ते भंवरलालांच्या अख्ख्या गल्ली नंबर चारमध्ये पोचलं. माहेरी टाकलेला बायकोचा शब्द आता निर्मलकुमारच्या हातात होता, आणि निर्मलकुमार मोटारीच्या हातात होता.

मोटारीचं म्हणावं तर एकच दुखणं होतं. चढ लागला की इंजिन ठक-ठक वाजायचं. शेजारी भाईदास पाटील राहायचे. सावद्याकडे त्यांची केळी, मुलांच्या शिक्षणासाठी जळगावात घर, आणि सल्ला द्यायला भरपूर वेळ. त्यांच्याकडे स्कूटर होती. ती ठक-ठक त्यांनी डोळे मिटून ऐकली आणि मान हलवली.

“माह्या स्कूटरले पेट्रोलमधी तेल पाजल्याशिवाय ते एक पाऊल टाकत नाही,” ते म्हणाले, “अन् तुम्ही एवढी मोटार कोरड्या पेट्रोलवर पळवता? काही दयामाया हाये का नाही, निर्मलशेठ?”

आता स्कूटरचं इंजिन वेगळं आणि मोटारीचं वेगळं, स्कूटरला पेट्रोलातूनच तेल लागतं आणि मोटारीला तिचं तेल खाली वेगळं असतं, हे खरं. पण हे त्या वेळी त्या ओट्यावर बसलेल्या कुणालाही ठाऊक नव्हतं, आणि ‘कोरडं’ हा शब्द तेलाच्या व्यापाऱ्याच्या जिव्हारी लागला. ज्या मुलखात भाजीवर बोटभर तर्री तरंगल्याशिवाय माणूस ताटावर बसत नाही, तिथं आपण एका मुक्या यंत्राला कोरडं खायला घालतोय, या विचारानं निर्मलकुमारला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मोटार मेकॅनिकला विचारलं. तो म्हणाला, फायदा होतो. दुसऱ्या दिवशी खात्री करायला पुन्हा विचारलं तर म्हणाला, नुकसान होतं. दोन्ही वेळा त्याचा सल्ला मात्र एकच होता, की गाडी इथं सोडून जा. पेट्रोल पंपावर चौकशी केली तर पंपवाल्यानं कपाटातून लाल तेलाची इवलीशी बाटली काढली. टाकी भरताना हे थोडं ओतायचं, इंजिन लोण्यासारखं चालतं म्हणाला. निर्मलकुमारनं ती बाटली घरी आणली आणि तेलाचा व्यापारी कुठल्याही तेलाचं जे करतो ते केलं. तळहातावर दोन थेंब घेतले, दुसऱ्या तळहातानं चोळले, नाकाशी नेले, आणि जिभेला लावून बघितले. नंतर बराच वेळ तो चुळा भरत होता. पण चुळा भरता भरताच त्यानं निकाल दिला, की या तेलात काडीचा दम नाही, नुसता रंग आहे. जळगावच्या पेठेत बसून, तीन बाजूंना तेलाच्या गिरण्या असताना, असलं बेचव तेल आपण बाहेरून बाटलीत विकत आणायचं? त्याला स्वतःचीच लाज वाटली.

मग प्रयोग सुरू झाले. दुकानाच्या मागच्या ओट्यावर बाटल्या मांडल्या गेल्या, प्रत्येकीत पेट्रोल आणि वेगळं तेल. एरंडेल खाली जाऊन बसलं. एरंडेलाचा स्वभावच तसा, ते कुणात मिसळत नाही. जवस मिसळलं पण दोन दिवसांत बाटलीच्या काचेला चिकट थर धरून बसलं. सरकीनं रंग बिघडवला. शेंगदाण्याचं डबल फिल्टर मात्र असं विरघळलं की तेल कुठलं आणि पेट्रोल कुठलं ते ओळखू येईना. निर्मलकुमारनं बाटली उन्हात धरली आणि त्याचे डोळे भरून आले. आपल्या मालानं अशी शोभा राखावी, याहून व्यापाऱ्याला आणखी काय पाहिजे?

टाकीत तेल गेलं. मोटार सुरू झाली. भाईदासांनी बॉनेटला कान लावला आणि आवाज मऊ झाला म्हणून जाहीर केलं. समोरचे निवृत्त गिरधर मास्तर म्हणाले, आवाज होता तोच आहे, फक्त धूर वाढला. निर्मलकुमारनं त्यांना विचारलं की तुम्ही दिवाळीला आमच्याकडून तेल का नेलं नाही, आणि तो मतभेद तिथंच मिटला. ठक-ठक कमी झाली का? निर्मलकुमारला विचाराल तर झाली. मोटार चढावर न नेता सपाट रस्त्यानं नेली की ती मुळीच ऐकू येत नव्हती.

पण एक गोष्ट कुणालाच नाकारता येईना. मोटारीच्या नळीतून भज्यांचा वास यायला लागला. साधासुधा नाही, ताज्या, खमंग, कढईतून नुकत्याच काढलेल्या भज्यांचा. मोटार पोलन पेठेतून निघाली की माणसं दारात येऊन उभी राहायची. कोपऱ्यावर भिकुबाईची भज्यांची गाडी होती. तिनं पहिल्या दिवशी कौतुक केलं, दुसऱ्या दिवशी विचारात पडली, आणि तिसऱ्या दिवशी मोटारीपुढे येऊन उभी राहिली. मोटार गेली की गिऱ्हाईक वासामागं पुढच्या चौकापर्यंत जातं आणि तिथं काहीच मिळालं नाही की रागानं घरी जातं, असं तिचं म्हणणं होतं. निर्मलकुमारनं तिला तेल उधारीवर द्यायचं कबूल केलं तेव्हा ती बाजूला झाली.

एवढ्यावर भागलं असतं. पण ओट्यावरच्या बाटल्या कुणीतरी पाहिल्या आणि गावात बातमी उलटी होऊन फिरली, की निर्मलकुमार तेलात पेट्रोल मिसळतो. भेसळ तपासणारे इन्स्पेक्टर दुसऱ्याच दिवशी दुकानात हजर. निर्मलकुमारनं हात जोडून सांगितलं, साहेब, तेलात पेट्रोल नाही हो, पेट्रोलात तेल आहे. इन्स्पेक्टर म्हणाले, दोन्हींत फरक काय? निर्मलकुमार म्हणाला, फरक असा की हे कुणी खायचं नाही. इन्स्पेक्टरांनी वही मिटली. खायचं नसेल तर हे आमच्या खात्यात येत नाही म्हणाले, मात्र खाद्यतेलाच्या दुकानात पेट्रोल ठेवलंय, हे दुसऱ्या खात्यात येतं, तेव्हा त्यांना कळवावं लागेल. ते दुसरं खातं तीन दिवसांनी आलं. त्यांनी बघितलं, पेट्रोल बाटलीत थोडंसंच आहे आणि त्यातही निम्मं तेल आहे. निम्म्या तेलाच्या पेट्रोलाला परवाना लागतो की नाही याचा नियम त्यांना सापडेना. सापडला की येतो म्हणून ते गेले. जाताना त्यांच्यातल्या एकानं हळूच प्रमाण विचारून घेतलं, त्याची मोटारसायकल पण कोरडीच चालत होती.

एवढं झाल्यावर शहाण्या माणसानं सोडून दिलं असतं. निर्मलकुमारनं सोडलं नाही. उलट दोन खाती येऊन गेली म्हणजे आपल्या हातून काहीतरी मोठं घडतंय, असाच त्यानं अर्थ घेतला. धनकुंवर पर्युषणाआधीच माहेरी गेली होती. जाताना तिनं एकच विचारलं होतं, की मोटार येईल ना? तो म्हणाला होता, येईल म्हणजे काय, वाजत-गाजत येईल. आता मागं हटणं नव्हतं.

संवत्सरीच्या आदल्या दिवशी तो भल्या सकाळी निघाला, सोबत भाईदास. एरंडोलपर्यंत ठीक गेलं. पारोळ्याला पाणी ओतायला थांबले, तर मोटारीभोवती माणसं जमली. एका फेटेवाल्या आबांनी आधी मोटारीत डोकावून बघितलं, मग मागं जाऊन बघितलं आणि निर्मलकुमारला गंभीरपणे विचारलं, “भाऊ, वास तं भज्यास्ना येस, पन भज्या कोठे शेतस?” भजी नाहीत हे सांगितल्यावर आबांना ते पटलं नाही. आपल्याला गरीब बघून नाही म्हणतात असं त्यांना वाटलं. भाईदासांनी शेवटी स्वतःच्या डब्यातली पोळी त्यांना दिली तेव्हा वाट मोकळी झाली. दिवस कलताना मोटार गल्ली नंबर चारमध्ये शिरली. तपाच्या दिवसांत त्या गल्लीतल्या चुली थंड होत्या, आणि तिथं असा वास म्हणजे धर्मसंकटच. घरोघरच्या खिडक्या धडाधड लागल्या. भंवरलाल दारात उभे होते, धोतर पांढरं शुभ्र. त्यांनी मोटारीकडे बघितलं, नाकाला उपरणं लावलं, आणि आत गेले.

धनकुंवर आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. सातव्या दिवशी माणसाचा चेहरा कसा होतो हे निर्मलकुमारनं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. गाल आत गेले होते, डोळे मोठे झाले होते, आणि त्या डोळ्यांत मोटार आल्याचा आनंद मावत नव्हता. त्याला वाटलं, उद्या-परवा काहीही होवो, ही मोटारीतूनच मिरवेल.

म्हणून त्यानं जे केलं ते प्रेमानं केलं, एवढं लक्षात ठेवा. संवत्सरीला सगळ्यांबरोबर त्यानं स्वतःही उपास केला. संध्याकाळी प्रतिक्रमण झालं, लहानथोर सगळे एकमेकांसमोर हात जोडून वर्षभराच्या चुकांची क्षमा मागत होते, ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणत होते. भंवरलालांनीही जावयासमोर हात जोडले. त्यामुळं निर्मलकुमार इतका गहिवरला, की बाहेर येऊन त्यानं टाकी उघडली आणि उद्या इज्जतीचा दिवस आहे म्हणून तेल दुप्पट ओतलं.

वरघोड्यात सगळ्यांत पुढची गाडी कुणाची, ते बोली लावून ठरतं, आणि द्यायचे पैसेच असले तरी आमच्याकडे ती बोली तुपाच्या मणांत बोलतात. गाडी बघून तोंड वाकडं केलं तरी लेक शेवटी लेकच. भंवरलाल इतकं तूप बोलले की बाकीच्यांनी हात टेकले. तर अशी ही मिरवणूक. सासऱ्यांचं तूप पुढं, जावयाचं तेल मागं. बँड, झेंडे, पायी चालणारे महाराजसाहेब, मग हार-फुलांनी मढवलेली काळी मोटार, तिच्यात लाल चुनरी घेतलेली धनकुंवर, आणि मोटारीमागं बाकीच्या तपस्व्यांच्या बग्ग्या आणि टांगे.

मोटार माणसाच्या पावलानं चालायला लागली आणि इंजिन तापलं. आणि मग आग्रा रोडवर, आठ-आठ दिवसांच्या उपाशी माणसांवर, दुप्पट तेलाच्या भज्यांचा वास पसरला.

मागच्या बग्गीत बन्सीलाल सराफ होते. आयुष्यात पहिल्यांदाच अठाई केलेला, अंगानं भरलेला, खाण्याचा शौकीन माणूस. आठ दिवस त्यांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. वास आला तसे ते आधी सरळ बसले, मग पुढे वाकले, आणि थोड्या वेळानं बग्गीतून उतरून मोटारीच्या नळीमागं डोळे मिटून चालायला लागले. घरच्यांनी बोलावलं तर पाय मोकळे करतोय म्हणाले. मागं बायकांत कुजबुज सुरू झाली, की वासानं उपास मोडतो का? प्रश्न माणसामाणसांतून पुढे महाराजसाहेबांपर्यंत गेला. उत्तर माणसामाणसांतून परत आलं, की चालत राहा. ते उपासाबद्दल होतं की मिरवणुकीबद्दल, ते कुणाला कळलं नाही.

चालत राहणं मात्र मोटारीला जमेना. इतक्या धीम्या चालीत दुप्पट तेल जळणार कसं? प्लगांवर काजळी बसली, इंजिन एकदा खोकलं, दोनदा खोकलं, बंदुकीसारखा एक बार काढला, त्यानं बँडवाल्यांचा सूर गेला, आणि मोटार आग्रा रोडच्या मधोमध थांबली.

निर्मलकुमारनं उतरून बॉनेट उघडलं. हार काढले, प्लग काढले, नव्या धोतरानं पुसले, परत लावले. मोटार हूं का चूं करेना. पुन्हा काढले, पुन्हा पुसले. हात काळे, तोंड काळं, धोतर काळं. ऊन चढत होतं आणि मागं सगळं गाव उपाशीपोटी उभं होतं, पारण्याची वेळ टळत होती, आणि ती टळत होती फक्त त्याच्यामुळं. भंवरलाल पुढे आले. त्यांना काही बोलू न देता निर्मलकुमारनं काळे हात जोडले आणि म्हणाला, “बाबूजी, मिच्छामि दुक्कडम्.”

“ते काल झालं,” भंवरलाल म्हणाले. “आता पुढच्या वर्षी.”

बरोबरच होतं त्यांचं. काल संध्याकाळी जी क्षमा झाली ती कालपर्यंतच्या चुकांची. आजच्या चुकीला वर्षभर थांबणं भाग होतं. निर्मलकुमारला रस्त्यात रडू येईल असं वाटलं. मोटारीचं त्याला काही नव्हतं. धनकुंवरच्या शब्दाचं होतं. त्यानं मोटारीचं दार उघडलं, खाली बघतच म्हणाला की मागची बग्गी रिकामी आहे, तू तिच्यात बस.

धनकुंवर हलली नाही. आवाज तिचा उपासानं इतका बारीक झाला होता की ऐकायला सगळ्यांना गप्प व्हावं लागलं.

“मी मोटारीतून जाईन म्हटलं होतं,” ती म्हणाली. “ती पेट्रोलवर चालेल की माणसांवर, ते मी काही बोलले नव्हते. तुम्ही चाक धरा. बाबूजी, तुम्ही लोटा.”

आठ दिवस उपाशी असलेल्या तपस्विनीचा शब्द मोडायची हिंमत महाराजसाहेब उतरतात त्या उपाश्रयाच्या विश्वस्तांतही नव्हती, भंवरलालांत कुठून येणार? त्यांनी उपरणं कमरेला बांधलं आणि मोटारीच्या मागच्या बाजूला हात लावला. काळं तेल मनगटापर्यंत लागलं. शेजारी भाईदास होते, त्यांच्याशेजारी बन्सीलाल, ते तर आधीपासून तिथंच उभे होते. बँड परत सुरू झाला. मोटार चालायला लागली, धूर नाही, ठक-ठक नाही, वासही नाही. अख्ख्या धुळ्यानं धनकुंवरला तिच्या मोटारीतून मिरवताना बघितलं. निर्मलकुमार चाक धरून समोर बघत होता, तोंडावरची काजळी घामानं ओघळत होती, आणि त्याची मान इतकी ताठ होती की ओळखीच्यांनाही त्याला हाक मारवेना.

घरी पारणं झालं. सासूबाईंनी, झमकूबाईंनी, लेकीला पहिला घोट मुगाच्या पाण्याचा पाजला, मग जावयाला पाजायला सांगितलं. निर्मलकुमारनं हात तीन वेळा धुऊन वाटी धरली. तिनं घोट घेतला. खोलीत माणसं होती म्हणून तो वाकला आणि तिच्या कानाशी, अगदी मनापासून, त्याला सकाळपासून छळणारी एकच गोष्ट विचारली.

“खरं सांग, पहिल्या चौकापर्यंत तरी आवाज मऊ होता ना?”

धनकुंवरनं त्याच्याकडे बघितलं. काजळी अजून त्याच्या कानामागं होती. ती तिनं पदरानं पुसली.

“इंजिनाचं मला काय कळतं,” ती म्हणाली. “पण आठ दिवस मला भूक लागली नव्हती. आज तुमच्या मोटारीत बसल्यावर लागली, ती अजून आवरत नाहीये. एवढं चांगलं तेल या गावात कुणी विकत नाही. ते मोटारीला कशाला पाजता? माणसांना घाला.”

निर्मलकुमारनं वाटी खाली ठेवली. मग उठून बाहेर गेला, मोटारीच्या डिकीतून उरलेला डबा काढला, आणि स्वयंपाकघरात नेऊन सासूबाईंच्या पुढ्यात ठेवला. झमकूबाईंनी कढई चुलीवर चढवली आणि भिजवलेली मुगाची डाळ वाटायला घेतली.